स्लोबोगचं गिऱ्हाईक

त्या गोऱ्या मुलीने आठ बोटं वर केली आणि वार्सिनीने घाईघाईने दुसरी कापडं ओढली.

योग्यकार्ताच्या बेरिंगहार्जो बाजारात बातिकची कापडं विकता विकता वार्सिनीने साठी ओलांडली होती. गेले तीन दिवस भवानीसुद्धा झाली नव्हती. आज सकाळी सायकलरिक्षावाला पाक तुकिरान हे गिऱ्हाईक घेऊन आला: होणारी नवरी आणि तिची आई. करवल्यांना नेसायला एकसारखी आठ कापडं हवी होती, आणि मुलीने अख्ख्या गाळ्यातून नेमकी काळपट तपकिरी त्रिकोणांची चळत उपसली होती. स्लोबोग. मय्यतीवर घालायचं कापड. जाणाऱ्याची वाट मोकळी व्हावी म्हणून.

पहिलं गिऱ्हाईक परत पाठवलं की दिवस बुडतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण लग्नात करवल्यांनी मय्यतीचं कापड गुंडाळून मिरवायचं?

वार्सिनीने पक्ष्यांचं पसरलं, फुलांचं पसरलं. मुलगी गोड हसली. बोटं आठच.

“दे की, बू,” शेजारच्या गाळ्यातली पाइनेम म्हणाली. “त्यांच्या देशात कुणाला कळतंय?”

“मला कळतंय ना.”

“मग भाव असा सांग की आपल्या पायांनी जातील. तू घालवलंस असं नको व्हायला.”

वार्सिनीने चौपट सांगितला. मुलीने आईकडे पाहिलं, आईने खुशाल पर्स उघडली. पाइनेमने कपाळाला हात लावला.

“पाक, तुम्ही तरी खरं काय ते सांगा तिला,” वार्सिनी काकुळतीला आली.

विक्रीत तुकिरानचाही वाटा असायचा. तो मुलीशी तिच्या भाषेत काहीतरी बोलला. मुलीने छातीशी हात जोडून वार्सिनीला नमस्कार केला.

“काय सांगितलंत?”

“म्हटलं, आमच्याकडे हे फार मानाचं कापड.”

“लाज नाही वाटत?”

“खोटं आहे का? शेवटचा मान म्हणजे मानच.”

वार्सिनीने चपला काढल्या. एक स्लोबोग उलगडलं आणि गाळ्यासमोरच्या वाटेत सरळ आडवी झाली.

“अगं, गुडघे,” पाइनेम ओरडली.

“गप बस,” म्हणत तिने कापड पायांपासून वर ओढून तोंडावर घेतलं.

पाठीवर गाठोडं घेऊन चाललेली एक हमाल म्हातारी थबकली आणि खरंच मय्यतीची दुवा पुटपुटू लागली.

आत मेणाचा, रंगाचा वास होता. त्रिकोणांमधून उजेड झिरपत होता. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्यासाठी तिने याच नक्षीचं काढून दिलं होतं. तेव्हा वाटलं होतं, आत अंधार असेल. तसं नव्हतं म्हणायचं. शिवाय दिवसाढवळ्या अशी पाठ टेकून किती वर्षं झाली होती. उठावंसंच वाटेना.

कापड हलकेच खाली सरकलं. वर नवरीचा चेहरा होता, आणि तिला सगळं कळलं होतं. तिने हात धरून वार्सिनीला उठवू पाहिलं. गुडघे काही सरळ होईनात, शेवटी दोघी तिथेच फतकल मारून हसत बसल्या. आईने मात्र पर्स मिटली होती.

वार्सिनीने बसल्या बसल्याच तळाचं गाठोडं ओढलं. निळसर काळ्यावर चांदण्यांची नक्षी. त्रुंतुम. मुलीच्या आईकडे बोट दाखवलं, मग हवेत तिच्या नवऱ्याची उंची दाखवली.

“लेकीच्या लग्नात आईबापांनी नेसायचं हे,” ती तुकिरानला म्हणाली. “आता नीट सांगा.”

या वेळी त्याने नीट सांगितलं असावं, कारण आईचे डोळे भरून आले. दोन कापडं गेली. आठ नव्हे, आणि भाव साधाच.

मायलेकी गेल्यावर वार्सिनीने आलेल्या नोटा रिवाजाप्रमाणे एकेका चळतीवर टेकवल्या. स्लोबोगची तेवढी सोडली. त्याचं गिऱ्हाईक बोलवायचं नसतं. अंगावर घेतलेलं कापड मात्र तिने पुन्हा चळतीत ठेवलं नाही. कडेला कड जुळवून घडी घातली आणि आपल्या पिशवीत टाकलं.

“ते कशाला?” पाइनेमने विचारलं.

“मापाचं निघालं,” वार्सिनी म्हणाली, आणि समोर थांबलेल्या बाईला बसायला स्टूल सरकवलं.