दर्शनाचा कॉलम

बोलतोय तो मी, कॉलम. त्या टेबलावरच्या चकचकीत मशीनकडे बघू नका, त्याला नुसतं पीं पीं करता येतं. इकडे बघा, खिडकीपाशी. स्टँडच्या चिमट्यात उभी धरलेली लांब काचेची नळी आणि तिच्या खाली छोटीशी तोटी, तोच मी.

माझा जन्म साकीनाक्याचा. चंद्रप्रकाश नावाच्या कारागिराने निळ्या ज्योतीवर फिरवत, फुंकर घालत मला घडवलं आणि भुशात गुंडाळून पाठवून दिलं. मी येऊन पडलो उपनगरातल्या एका विद्यापीठात, सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. इथली मुलं पीएच.डी. करतात. म्हणजे रोज काहीतरी नवा पदार्थ बनवतात आणि रोज डोक्याला हात लावून बसतात. कारण नवा पदार्थ कधी एकटा येत नाही, नको असलेला सगळा गोतावळा सोबत घेऊन येतो.

तिथे माझी गरज लागते. माझ्या पोटात सिलिका नावाची पांढरी पूड भरायची, तिच्यावर ते मिश्रण घालायचं आणि वरून द्रावक सोडत राहायचं. कुणी भरभर खाली उतरतं, कुणी पुडीला चिकटून रेंगाळतं. खाली परीक्षानळ्या बदलत राहायचं, म्हणजे जो तो वेगळा हाती येतो. काम एवढंच, पण त्यासाठी एका जागी बसायची चिकाटी लागते हो.

दर्शनाकडे ती होती. दर्शना घाटकोपरची, वडील बस डेपोत मेकॅनिक. घरातून एवढं शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच. आल्या आल्या तिने कपाट उघडलं, आम्ही इतके जण उभे होतो त्यातून मलाच उचललं. उगाच सांगत नाही, खरंच मलाच.

बाकीची मुलं सिलिका बसवायला धपाधप मारतात. ही रबरी नळीच्या तुकड्याने हलकेच टकटक करायची. माशांच्या टाकीला लावतात तो पंप वर जोडायची आणि माझ्याशी बोलत बसायची. "चल ना रे, उतर ना खाली. भूक लागलीय मला." सिलिका सुकली की तिला भेगा पडतात आणि सगळी मेहनत फुकट जाते, म्हणून ती चहालासुद्धा उठायची नाही. शेजारच्या टेबलावरचा यज्ञेश, पार्ल्याचा, तिच्याबरोबरच पीएच.डी. करणारा, तो चिडवायचा, "काय गं, आता या कॉलमशीच लग्न कर!" ती हसायची. मी तर लाजून पाणी पाणी व्हायचो.

आणि मग आली ती सवत. सवतच म्हणणार मी!

मोठ्या खोक्यातून मशीन आलं. कॉलमचं काम आपोआप करणारं, म्हणे. त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. माझ्या तोटीला कधी कुणी कुंकवाचं बोट तरी लावलं होतं का? दर्शनाच्या गाईड वसुधा मॅडम, एरवी शब्दाला जपणाऱ्या, त्याही म्हणाल्या, "बरं झालं, मुलांचे तासन् तास वाचतील." वाचतील! म्हणजे माझ्यापाशी घालवलेले तास वाया गेले होते तर! यज्ञेश पहिल्याच दिवशी तिकडे पळाला. पळू दे, मला त्याचं काय. दर्शना मात्र माझ्याकडेच येत राहिली आणि मी त्या मशीनसमोर ताठ मानेने उभा राहिलो.

पण तो दिवस आलाच. वसुधा मॅडम जूनअखेरीस निवृत्त होणार होत्या, त्याआधी दर्शनाचा प्रबंध जायला हवा होता. शेवटचा एकच पदार्थ राहिला होता. वर्षभर पायरी पायरीने तिने तो बनवला, तोही जेमतेम फ्लास्कच्या तळाला लागेल इतका. पुन्हा करायला कच्चा माल उरला नव्हता. हा हातचा गेला तर सगळं पहिल्यापासून, आणि तेही नव्या गाईडच्या हाताखाली.

फ्लास्क घेऊन ती माझ्याकडेच येत होती. तेवढ्यात यज्ञेश म्हणाला, "वेडी आहेस का? मशीनवर टाक ना, जेवायच्या आधी हातात मिळेल. थांब, मी सेट करून देतो."

तिने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेली. माझ्या डोळ्यांदेखत गेली हो! त्या दुपारी मी इतका जळलो की चंद्रप्रकाशच्या ज्योतीवरही तेवढा तापलो नसेन.

मशीनच्या पडद्यावर एक रेघ सरकत होती. पदार्थ बाहेर आला की ती वर उठते आणि मशीन तेवढंच नळीत धरतं. यज्ञेशच्या वेळी ती टेकडीसारखी उठायची. आज आडवी ती आडवीच. शेवटी पीं पीं झालं, नळ्या सगळ्या कोरड्या.

"यज्ञेश, काहीच नाही आलं रे."

"वाट लागली यार! आतच अडकला वाटतं."

दर्शना स्टुलावर बसली आणि तिने ओंजळीत तोंड लपवलं. आणि मी? मला आनंद झाला. चांगला पोटभर आनंद झाला! जा, बस त्या पीं पीं करणाऱ्याजवळ, म्हटलं. पण मग तिचे खांदे हलायला लागले आणि माझा आनंद आटला.

यज्ञेशने मशीनखालचा कॅन उचलला. मशीन जे धरत नाही ते त्यात जातं. तो निघाला ते मोठ्या पिंपात ओतायला. दर्शना एकदम ओरडली, "थांब! ठेव तो खाली, हात लावू नकोस!"

तिने कॅनमधला थेंब एका छोट्या पट्टीवर टेकवला. अतिनील दिव्याखाली धरली, काही नाही. मग जांभळ्या परमँगनेटमध्ये बुडवली. पिवळा ठिपका उमटला, अगदी ठसठशीत.

"हा दिव्याखाली दिसतच नाही रे," ती म्हणाली. "आणि मशीन दिव्यानेच बघतं. त्याला दिसला नाही, त्याने टाकून दिला."

यज्ञेशचा चेहरा पडला. "सॉरी गं. माझे सगळे दिव्याखाली दिसतात, मी तसंच सेट केलं."

ऐकलंत? मला कुणाला बघायची गरजच नसते. मी सगळ्यांना खाली सोडतो, मग ती एकेक नळी त्या जांभळ्या पाण्याने तपासते. हे त्या हारवाल्या साहेबांना कोण सांगणार!

कॅनमधलं द्रावण आटवून ती परत आली माझ्याकडे. तीच टकटक, तोच पंप. मी फुशारून गेलो होतो. थेंब थेंब उतरत होते आणि तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. "हो गं आई, हे जमलं की प्रबंध देते. मग हैदराबादच्या लॅबमध्ये जायचं. जागा ठेवलीय त्यांनी."

हैदराबाद? मला कुणी बोललं नव्हतं.

म्हणजे मी नीट काम केलं की ही जाणार. मनात आलं, शिरू द्यावा हवेचा एखादा बुडबुडा. पडू द्यावी सिलिकेला भेग. होऊ दे सगळी सरमिसळ, राहील आणखी वर्षभर, बसेल माझ्याजवळ. फोन ठेवून तिने माझ्या काचेला कपाळ टेकवलं. घामाने ओलं झालेलं होतं. "आज दगा नको देऊस रे," ती म्हणाली.

काय करणार? उतरवला मी तिचा पदार्थ, सरळ, सावकाश, बाकीच्यांचा वारा लागू न देता. पट्ट्यांवर एकटाच पिवळा ठिपका यायला लागला. दर्शना किंचाळली, "आला!" आणि तिने मिठी मारली यज्ञेशला. बघा! उभा मी होतो तासन् तास, आणि मिठी त्याला.

वर दुसऱ्या दिवशी तिने मशीनची सेटिंग बदलली, आता ते न दिसणारंही नळीत धरतं. माझ्यामुळे शहाणं झालं ते, आणि आता माझ्याकडे कुणी फिरकत नाही. प्रबंध वेळेत गेला. शेवटच्या दिवशी तिने मला ॲसिटोनने धुतलं, हलकेच उभं केलं आणि म्हणाली, "येते रे." तेव्हापासून मी इथेच आहे, कोरडा. नवी मुलं माझ्या डोक्यावर हातमोजे वाळत घालतात.

मशीनचा राग अजून येतो, पण पूर्वीइतका नाही. कारण हैदराबादच्या त्या लॅबमध्येही कॉलम असतीलच, आणि दर्शनाने त्यातला एखादा उचललाही असेल. न बघताच मी त्याच्यावर जळतो. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात तर एवढं करा. तिला विचारा, नवा कॉलम कसा आहे गं? ती "ठीक आहे" म्हणाली, तर मला आठवणीने येऊन सांगा. "झकास आहे" म्हणाली, तर नका सांगू.