खुबेकांच्या हातातला प्रसाद

सत्यनारायणाला मिस्टर खुबेका येणार म्हणून सुलक्षणाने लंडनमधलं सगळं हॅरो पालथं घालून फळं आणली होती. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढता लढता आयुष्याची तीस वर्षं देशाबाहेर काढलेला हा पुढारी तिच्या डॉक्टर नवऱ्याचा, उदयचा, पेशंट. खुबेकांच्याच नादाने ती साडीवर कोट चढवून सुपरमार्केटच्या दारात उभी राहायची आणि ‘दक्षिण आफ्रिकेची फळं घेऊ नका’ म्हणून घसा कोरडा करायची. आठ वर्षांत तिथलं साधं द्राक्ष घरात शिरलं नव्हतं. बिचाऱ्या उदयची बॅगसुद्धा तपासली जायची!

आरती झाली. खुबेकांच्या हातात शिरा आणि संत्र्याच्या फोडी गेल्या. सुलक्षणा स्वयंपाकघरात आली, तर सिंकच्या कडेला काढून चिकटवलेले स्टिकर. त्यांवर स्वच्छ छापलेलं होतं, दक्षिण आफ्रिका. तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

“मधुमती, संत्री कुणी आणली?”

“मी. पाच फळांत एक कमी पडत होतं ना? देवापुढे स्टिकर बरे दिसत नाहीत, म्हणून काढले,” मैत्रीण म्हणाली. “का गं, व्हॉट्स राँग?”

आता दिलेला प्रसाद परत मागायचा कसा? आणि न मागावा, तर ज्या माणसाने हा बहिष्कार व्रतासारखा पाळला त्याचं व्रत आपल्याच हाताने मोडायचं? सुलक्षणाला रडू यायचंच बाकी राहिलं. ती तशीच बाहेर धावली.

“मिस्टर खुबेका, खाऊ नका! ती तुमच्याकडची आहेत. चुकलं आमचं.”

फोड ओठांशी थांबली. मग खुबेका गदगदून हसले.

“सिस्टर, कालच्या बातम्या ऐकल्या नाहीत वाटतं?”

“पूजेच्या गडबडीत टीव्ही कोण लावणार!”

“गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या पहिल्या निवडणुकीची तारीख ठरली आहे. आमच्या नेत्यांनी काल जगाला सांगितलं, आता बहिष्कार उठवा.”

सुलक्षणा मटकन सोफ्यावर बसली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. उदय तर टाळ्याच वाजवायला लागला.

खुबेकांनी फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“माझे वडील जन्मभर मालकाच्या बागेत संत्री तोडत होते,” ते म्हणाले. “एखादं खाल्लं तर चाबूक बसायचा. आमच्या घरातलं कुणीतरी तिथलं हे फळ आज पहिल्यांदा उजळ माथ्याने खातंय.”

सुलक्षणा उठली आणि त्यांच्यासाठी दुसरं संत्रं सोलायला बसली.