येतानाचे किलोमीटर

कर खात्याचं पत्र आलं तेव्हा मी एका फ्रिजच्या गॅसची गळती शोधत होते, हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात. पत्र चष्म्याने वाचून दाखवलं. चष्मा म्हणजे आमचा हिशेबनीस.

"ताई, गाडीचं तीन वर्षांचं भाडं खर्चातून उडवायला निघालेत."

"का?"

"म्हणतात, गाडी हौसेची वाटते."

हौसेची. डोंगरावर अकरा डेअऱ्या आहेत, प्रत्येकीत दूध थंड करायची टाकी आहे, आणि त्या टाक्या दुरुस्त करणारी मी एकटी. टाकी बंद पडली की चार तासांत दूध नासतं. वर रस्ता म्हणावा असं काही नाही. ओढा आहे, दगड आहेत, आणि चढ असा की साधी गाडी तो बघूनच मागे फिरते. म्हणून धंद्याच्या नावावर फोर बाय फोर लीजवर घेतली. गाडी कंपनीची, दरमहा भाडं आमचं. कामापुरतं भाडं धंद्याच्या खर्चात धरायचं, तेवढ्यावर कर लागत नाही. घरच्यासाठी फिरलात तर तेवढे किलोमीटर वगळायचे. एवढं साधं आहे. पण खात्याने ते फेटाळलं तर तीन वर्षांचा कर दंडासकट भरायचा, आणि तो भरल्यावर पुढचं भाडं द्यायला माझ्याकडे दमडी उरणार नव्हती. म्हणजे गाडी परत. गाडी गेली की अकराही डेअऱ्या गेल्या, आणि मी लोकांच्या बेडरूममधले एसी धुवत बसायचं.

मला राग आला की मी तो गिळत नाही. बाईने मोठी गाडी चालवली की हौस, पुरुषाने चालवली की धंदा. तपासणीला आलेल्या अधिकारी मॅडमना मी हे दारातच ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "मीही बाईच आहे. गाडीची वही आणा."

वही माझे सासरे लिहितात. आप्पा. उभी हयात वजनकाट्यावर नोकरी केलेला माणूस. प्रत्येक फेरीला माझ्या शेजारी बसणार, निघताना किलोमीटरचा आकडा लिहिणार, पोचल्यावर लिहिणार. वर्षाच्या शेवटी चष्मा नुसती बेरीज उचलायचा. मी तर वही उघडूनही बघितली नव्हती. एवढी शहाणी मी.

"तिन्ही वर्षं बरोबर निम्मे किलोमीटर कामाचे आणि निम्मे घरचे," मॅडम म्हणाल्या. "एकसुद्धा इकडेतिकडे नाही. खरी वही अशी नसते. घरी बसून रचलेली अशी असते."

चष्म्याला घाम फुटला. आप्पांना मात्र 'रचलेली' हा शब्द लागला.

"मॅडम, जाताना आम्ही कामाला जातो. येताना घरी येतो. म्हणून जातानाचे कामाचे, येतानाचे घरचे. निम्मेच भरणार की."

मी वही पुढ्यात ओढली. "आप्पा, तीन वर्षं?"

"मग? घरी येणं हे काय काम आहे? तू तर येताना गाणी म्हणतेस."

"गाणी म्हटली म्हणून..."

"टाकी दुरुस्त करताना म्हणतेस का? नाही. मग घरचं."

चष्म्याने डोकं टेबलावर टेकवलं. मॅडमनी ओठ घट्ट दाबून धरले, हसू सुटू दिलं नाही. "हे तुमचं सांगणं झालं. पुरावा काय?"

तेवढ्यात फोन वाजला. सगळ्यात वरच्या डेअरीची टाकी बंद, आत सहाशे लिटर. मी हत्यारांची पेटी उचलली. "मॅडम, मला वेळ नाही. दंड ठोकायचा तर ठोका, नाहीतर गाडीत बसा."

त्या गाडीत बसल्या.

ओढ्यात पाणी दारापर्यंत आलं तेव्हा त्यांनी फाइल छातीशी धरली. चढ लागला तेव्हा दोन्ही हातांनी वरची कडी पकडली आणि फाइल दातात.

"इथे जीभ आत ठेवायची," मागून आप्पा म्हणाले. "मागे एकदा माझी चावली गेलीय."

वर पोचलो. कंप्रेसर सुरू करून देणारा कपॅसिटर जळाला होता. मी नवा बसवला, टाकी घुमायला लागली, आणि तापमानाचा आकडा हळूहळू खाली यायला लागला. डेअरीवाल्या मावशींनी मला मिठीच मारली. मॅडमना पेलाभर दूध दिलं. मॅडम ते पीत पीत दाराजवळच्या खिळ्याला लटकवलेली नोंदवही चाळायला लागल्या. कोण आलं, किती वाजता आलं, किती वाजता गेलं, गाडीच्या किलोमीटरचा आकडा काय, हे मावशी येणाऱ्या प्रत्येकाकडून लिहून घेतात. मॅडमनी आप्पांची वही तिच्या शेजारी उघडली. एक तारीख ताडून बघितली, मग दुसरी, मग पंधरा-वीस; सगळे आकडे जुळत गेले. वरच्या ओठावर दुधाची मिशी तशीच.

उतारावर त्या म्हणाल्या, "येतानाचे किलोमीटरही कामाचेच आहेत. टाकी दुरुस्त करून माणूस वरच राहणार आहे का? तुम्ही तीन वर्षं हक्काच्या निम्माच खर्च दाखवलाय. उलट खात्याकडूनच तुम्हाला पैसे परत निघतात."

"असं कसं, मॅडम," आप्पा म्हणाले. "नियमाला धरून बोला."

माझे हात स्टिअरिंगवर होते, नाहीतर मी त्यांचं तोंड दाबलं असतं.

"नियमच सांगतेय, आप्पा."

"आणि हिच्या गाण्यांचं काय?"

"गाण्यावर अजून तरी कर नाही."

मागच्या सीटवर आप्पांनी खूप विचार केला. मग एवढ्या हळू 'बरं' म्हणाले की जणू एखाद्या जिवलग दोस्ताला निरोप देत असावेत.

ओढा ओलांडल्यावर मॅडमनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरल्या, बॉनेटवर कागद पसरला आणि शेरा लिहायला घेतला : वाहन धंद्यासाठीच, खर्च मान्य. इंजिनाच्या थरथरीने अक्षर नाचत होतं. मी इंजिन बंद करायला किल्लीकडे हात नेला.

"राहू दे गं," कागदावरून मान न उचलता त्या म्हणाल्या, "चालूच ठेव."