घागरीतले पितर

त्या शनिवारी दुपारी आई मोरीच्या कडेला भांडी घासत बसली होती. चिंचेचा कोळ, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी, एवढा तिचा दारूगोळा. विमल उंबऱ्यात पाय पसरून वाचत होती. ती अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवी आणि उरलेल्या वेळात हाताला लागेल ते वाची. किराणा बांधून आलेला कागदसुद्धा ही सरळ करून वाचते, असे आई शेजारणींना कौतुकाने सांगे.

"काय आहे एवढं त्या पुस्तकात?" आईने विचारले.

"विलायतेतले लोक आपल्या खापरपणज्यांची नावं कशी शोधून काढतात, ते आहे."

"हरवली होती का?"

विमल हसली. "आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? तुझं माहेरचं नाव मला कुठे ठाऊक आहे? काय होतं गं?"

"सासरी आले, रमा झाले. ते नाव हिवरखेडलाच राहिलं."

"पण होतं काय?"

आईने हातातला छोटा पितळी गडू उन्हात धरून पाहिला. शेजारी लग्न निघाले की घरातली झाडून सगळी भांडी उसनी जात. हा गडू मात्र कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. हा माझा, एवढेच ती म्हणे.

"उद्या सांगते. आज हात चिंचेचे आहेत."

"नाव सांगायला हात कशाला लागतात?"

"बरं, मग लाज वाटते असं समज." आणि ती अशी काही हसली की जणू परकर नेसलेली पोर पाटावर बसली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली होती.

मृत्यूची नोंद करताना कारकुनाने वय विचारले. शिरगणतीच्या वेळी आईने "लिहा पन्नास" म्हणून सांगितले होते. विमलने त्यात अंदाजाने पाच मिळवले. तेराव्याला गुरुजींनी नाव घेतले ते रमा. सगळे रीतीप्रमाणे झाले. पण नऊ वर्षांची होईपर्यंत जी हिवरखेडला खेळली, भांडली, हाका मारून घरी बोलावली गेली, ती मुलगी कोण, हे सांगणारे जगात कोणी उरले नव्हते. वडील आधीच गेलेले. आजोळ प्लेगात संपलेले.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत विमल हिवरखेडला निघाली. अकोटपर्यंत मोटार, पुढे बैलांची दमणी. गावची जुनी जन्ममृत्यूची पुस्तके खुशालराव पाटलांच्या घरी पेटीत आहेत असे कळले होते. पाटलांच्या आई पार्वताबाईंनी तिला हाताला धरून आत नेले, पाणी दिले आणि मुक्कामाला ठेवूनच घेतले.

पुस्तक निघाले. विमलचे आजोबा नारायण जोशी सापडले. पुढे लिहिले होते, 'मुलगी'. दोन वर्षांनी पुन्हा नारायण जोशी, पुन्हा 'मुलगी'. मग एकदा 'मुलगा', मग परत 'मुलगी'. नाव एकीचेही नाही.

"नाव कुठून येईल, बाई?" खुशालराव म्हणाले. "पोट्टं जन्मलं का कोतवाल लिहून नेते. बारसं बाराव्या दिवशी. तवरोक कागद तहसिलीत."

विमलने पुस्तक मिटले. यातली आपली मुलगी कोणती, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता.

"काहून तोंड पाडता?" पार्वताबाई म्हणाल्या. "पुस्तकात नाई सापडलं त घागरीत पाहा. कलशबावा आला हाये गावात. मेलेल्यायची नावं सांगून राहिला फटाफटा. आमचा खुशाल त येडा झाला त्याच्यापायी. घरातला मोठा हंडा देऊन आला."

"मा, हासू नको," खुशालराव गंभीरपणे म्हणाले. "आपल्या आबाचं नाव बरोब्बर सांगतलं त्यानं."

"आबाचं नाव गावातल्या कुत्र्यालेही मालूम हाये."

विमलचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. केवळ गंमत पाहायला जाऊ, असे तिने स्वतःला सांगितले. मात्र तिथे रिकाम्या हाताने चालत नाही म्हटल्यावर तिने पार्वताबाईंकडे एक तांब्या मागितला, तो काही गंमत म्हणून नव्हे.

पार्वताबाई आणि खुशालरावही तिच्याबरोबर निघाले. देवळामागच्या आमराईत बाबांची राहुटी होती. माणसे अशी दाटली होती की बैलांना सावलीतून उठावे लागले होते. चेला दाराशी प्रत्येकाचे पाण्याने भरलेले भांडे घेई, आत नेई. भांडे जुने हवे, पितळेचे नाहीतर तांब्याचे हवे, चारचौघांत ज्याचा मान झाला आहे असे हवे. पितर कुठल्याही फुटक्या टमरेलात उतरत नाहीत, असा खुलासा चेला करी. मग बाबा आत समाधी लावत. समाधी चांगली जेवणाएवढी लांब असे. नंतर भांडी कपड्याने झाकून बाहेर ओळीने मांडली जात, मालक आपापल्या भांड्यामागे बसत आणि बाबा प्रकट होत.

बाबा उंच, गोरे, काजळ घातलेले. आवाज तर असा की आंब्यावरचे पोपट उडावेत. "घट में पट, पट में पितर! बोल रे पुरखा, बोल! तुझी सात पिढी तहानली, तुझं गोत्र तहानलं!"

एका भांड्यावरचा कपडा किंचित सरकवून त्यांनी पाण्यात पाहिले. "गणूजी... गणूजी बिन तुळशीराम... शके अठराशे एकोणतीस... वैशाख."

मागे बसलेला म्हातारा ढसाढसा रडू लागला. "माहा बाप! माहा बापच व्हय तो!"

"वो प्यासा है. ज्या भांड्यात पितर उतरले, ते परत चुलीपाशी नेऊ नये. विसर्जन आम्ही करू." चेल्याने भांडे उचलून राहुटीमागच्या बैलगाडीत ठेवले. गाडी निम्मी भरली होती. गोणपाटाखालून पितळ चमकत होते.

पुढच्याच शेतकऱ्याला बाबांनी शेठ किसनदास नावाचा पणजोबा दिला. शेतकरी जरा गांगरला. मग शेजाऱ्याने समजूत काढली की मागच्या जन्मीचा असेल, आणि तो मागच्या जन्मीच्या शेठजींसाठी हात जोडून बसला.

विमलला एक गोष्ट चमत्कारिक वाटत होती. हे पितर नाव सांगत, गाव सांगत, शके आणि महिना सांगत. पण खोकल्याने गेलो की सापाने, पोराची आठवण येते की नाही, यांतले अवाक्षर बोलत नव्हते. शिवाय जो तो वैशाखात नाहीतर फाल्गुनातच भेटत होता. सगळे जणू एखाद्या लग्नाला निघालेले.

इतक्यात बाबा तिच्यापुढे आले. "किसको खोया, बेटी?"

"आईला. तिचं माहेरचं नाव हवंय मला."

बाबांनी डोळे मिटले, उघडले, पाण्यात पाहिले. "मैना," ते हळूच म्हणाले. "मैनाबाई. चांदूर बाजार दिसतंय. ती सांगते आहे, मी मैना."

विमलने डोळे पुसत ते नाव मनातल्या मनात म्हणून पाहिले. मैना. किती शोभते! सारखी बोलणारी, मान वाकडी करून हसणारी. परकर नेसलेल्या त्या मुलीला तिने क्षणभर पाहिलेसुद्धा. आई हिवरखेडची, मग चांदूर बाजार कसे, हा प्रश्न तिला पडला, आणि आत्मा कुठेही फिरत असेल हे उत्तरही तिचे तिनेच देऊन टाकले. इतक्या वर्षांचे वाचन त्या घटकेला कुठे जाऊन बसले होते कोण जाणे. चेला तांब्या उचलायला वाकला, तेव्हा तिने आपण होऊन हात मागे घेतला.

तेवढ्यात मागून हसू फुटले. पार्वताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, पण ते पदरात मावेना.

"अगे माय! मैना? मैनाबाई माही नणंद हाये! चांदूर बाजारले देली. कालच तिचा निरोप आला का पापड धाड. बावा, जित्ती हाये ना ते! पापड खाऊन राहिली!"

लोक वळून पाहू लागले. विमलचे डोळे अजून ओले होते. तिने तांब्या चेल्याच्या हातून काढून घेतला, पाणी आंब्याच्या मुळाशी ओतले आणि गळ्याखालचा भाग बोटाने पुसला. ठिपक्याठिपक्यांची अक्षरे वर आली.

"सौभाग्यवती मैनाबाई, चांदूर बाजार, हिजकडून भेट," तिने वाचले.

"खुशालच्या लग्नात देला तिनं," पार्वताबाई म्हणाल्या. "नाव घालून. घरात पाच तांबे, कोनता कोनाचा कसा कळन?"

मग विमलने उरलेल्या भांड्यांवरचे कपडे काढले. एकाच्या काठावर, एकाच्या बुडाला, एकाच्या पोटावर: लग्नातली भेट, मुंजीतली भेट, अमक्याच्या स्मरणार्थ. भांडे उसने दिले तर ते परत घरी यावे, म्हणून घातलेली नावे. ती इतकी रोजची होती की कोणालाही ती अक्षरे वाटतच नसत. घरात कोनाडा असतो, तशी भांड्यावर नावे असतात. कोनाडा कोणी वाचत नाही. बाबांनी वाचला. समाधी म्हणतात ती हीच. पाठांतर मात्र वाखाणण्यासारखे.

"और वो शेठजी?" गर्दीतून कोणीतरी बाबांच्याच बोलीत ओरडले.

"तो हंडा म्या बाजारातून जुना घेतला होता," शेतकरी ओशाळून म्हणाला. "अन् मी त्या शेठले नमस्कार करून राहिलो."

बाबा डगमगले नाहीत. "अक्षर म्हणजे पितरांचीच छाया! मूढांनो, ती अक्षरं कोणी लिहवली?"

"कासारानं," पार्वताबाई म्हणाल्या.

विमलने खुशालरावांना देवळातले पाण्याचे मडके आणायला सांगितले. "महाराज, यात पाहा. या गावातल्या कितीतरी लोकांचे वाडवडील जन्मभर मडक्यातलंच पाणी प्यायले. त्यांचे पितर काय मुके आहेत?"

"मातीत पितर उतरत नाहीत. जे अग्नीतून गेलं, तेच पवित्र."

"मंग मडकं का उनात वायते का रे, बावा?" पार्वताबाईंनी कमरेवर हात ठेवला. "कुंभाराच्या आव्यातच भाजते ना ते?"

आता हसू मावेना. मघाचा रडणारा म्हातारासुद्धा डोळे पुसत हसला. कोणीतरी काठी उगारली, पण विमल मध्ये उभी राहिली. "मारायचं नाही. भांडी उतरवून घ्या फक्त."

खुशालराव पाटलांना आपल्या हंड्याची आठवण झाली आणि बाबांवरची त्यांची श्रद्धा त्याच वाटेने परत फिरली. "बावा," ते हात जोडून म्हणाले, "आमाले वाचता येत नाई. तुमाले त सारं पाठ हाये. तुमीच उतरवा, अन् नावं घेत जा."

आणि मग हिवरखेडने खरा चमत्कार पाहिला. कलशबाबा बैलगाडीत उभे राहून खड्या आवाजात एकेक नाव वाचू लागले, आणि माणसे आपापली भांडी घेऊन घरी जाऊ लागली. बाबांचे वाचन स्वच्छ होते. शाळेत मास्तर म्हणून माणूस वाईट झाला नसता.

शेवटी थोडे लोक उरले. त्यांना विमल म्हणाली, "आपली माणसं गेली की त्यांचं काही तरी ऐकावं असं वाटतं. मलाही वाटलं. मघाशी मी तांब्या देऊन मोकळी झाले होते, ते तुम्ही पाहिलंत. म्हणूनच सांगते. कोणी अद्भुत सांगू लागला की रडण्याआधी एकदा विचारा, हे याला कसं कळलं? भांडं उलटं करून पाहा. पोरींना अक्षर शिकवा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना जे विचारायचं ते आजच विचारा. त्यांना उतरवायला बाबा लागत नाही, त्या ओट्यावरच बसलेल्या असतात."

"मले विचारा, मले!" पार्वताबाई म्हणाल्या. मग जवळ येऊन हळूच, "बाई, तुमच्या मायचं नाव त राहूनच गेलं."

"राहिलं," विमल म्हणाली.

परत येताना दमणीत बसल्यावर ती स्वतःचेच बोलणे आठवत होती. भांडं उलटं करून पाहा. अकोट यायच्या आतच तिचा जीव घराकडे धावू लागला.

घरी पोचली तेव्हा स्वयंपाकघरात दुपारचे ऊन आले होते. मोरीपाशी त्या शनिवारची काही भांडी अजून तशीच होती, घासायची राहिलेली; विमलने त्यांना कोणाला हात लावू दिला नव्हता. आणि फळीवर, चिंचेने लखलखीत झालेला, तो छोटा गडू. याच गडूने आईने तिला दूध पाजले होते. आईला अक्षर येत नव्हते. विमलने जगातले सगळे कागद वाचले होते, हे एक सोडून.

तिने गडू उलटा केला. रोजच्या घासण्याने बुडावरचे ठिपके झिजून पुसट झाले होते. आईच्याच हाताने झिजलेले. गडू तिने उन्हात तिरका धरला.

'चि. जमुना हिचे बारशास आजोळकडून. शके १८०१.'

नावही मिळाले, सालही मिळाले. कोणाच्या अंगात आले नाही, कोणी पाण्यातून बोलले नाही. एका आजोबाने नातीच्या बारशाला नाव घालून आणले होते, आणि नातीने ते जन्मभर जवळ ठेवले होते.

विमल मोरीच्या कडेला बसली. चिंचेचा कोळ कधीच वाळून गेला होता. तिने राख पुढे ओढली, नारळाची शेंडी हातात घेतली, आणि तिथे कोणी बसलेले असावे तशी मान वर करून मोठ्याने म्हणाली,

"जमुना, ऊठ बरं तू. राहिलेली मी घासते."