गोपालची विचारपूस

"मुलीले वावरात जायची सवय नसंल तरी चालते," उत्तमराव म्हणाले. "आमी काही तिले उन्हात पाठवनार नाई."

प्रतीक्षानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मांडीवर कॉलेजची फाईल होती आणि हातात पोह्यांची बशी. समोर उत्तमरावांच्या पत्नी शकुनबाई पदर सावरून बसल्या होत्या. खिडकीशी शेजारच्या दोन बायका उभ्या होत्या. मी जन्मात इतकी स्थळं पाहिली आहेत की पोह्यांवर खोबरं किती पेरलंय त्यावरून पाहुणे कशासाठी बोलावलेत ते मला कळतं. हे पोहे लग्नाचे होते.

प्रतीक्षा माझ्या धाकट्या भावाची मुलगी. अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि माझ्याकडेच राहते. तिच्या कॉलेजात तपासणीला कमिटी यायची होती. पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं पुढे काय करतात, हे कमिटीला दाखवावं लागतं म्हणे. मुलांना फोन करायचं काम कायमच्या प्राध्यापकांकडून घरंगळत प्रतीक्षाकडे आलं. रोज संध्याकाळी ती माझ्या ओसरीत बसून विचारायची, नोकरी लागली का, कुठे, पगार किती. बरीच मुलं तिला कर्ज विकणारी बाई समजून फोन ठेवून देत. एक जण म्हणाला, "मॅडम, तुमीच लावून द्या ना कुठं."

मी बी.ए. झाले तेव्हा कॉलेजनं खिडकीतून सर्टिफिकेट दिलं आणि खिडकी लावून घेतली. मी पुढे मूर्तिजापूरच्या एका स्वयंपाकघरात गेले, ते कॉलेजला आजतागायत ठाऊक नाही.

यादीत गोपालच्या नावापुढे त्याच्या वडिलांचा, म्हणजे या उत्तमरावांचा, नंबर होता. समाजाच्या परिचय मेळाव्याच्या पुस्तकात त्यांनी गोपालचं नाव छापायला दिलं होतं, आणि तेव्हापासून ते एका फोनची वाट पाहत होते. हल्ली मुली स्वतःच चौकशी करतात, हेही त्यांच्या कानावर होतं. मुलगा काय करतो, पगार किती, असं एका मुलीनं विचारल्यावर त्यांना वेगळं काही सुचणं शक्यच नव्हतं. कॉलेजातून बोलते म्हणाली, म्हणजे मुलगी नोकरीवाली. ते म्हणाले, अकोल्याला कंपनीत सुपरवायझर आहे, पस्तीस हजार घेतो. प्रतीक्षा हरखली. नोकरीचं पत्र पाहायला मिळेल का, असं तिनं विचारलं. "पत्र कायले? घरच पाहा ना येऊन," ते म्हणाले. आम्हाला अकोल्याला माझ्या बहिणीकडे जायचंच होतं. तिथून गोपालचं बार्शीटाकळी किती लांब!

प्रतीक्षा आता खुलासा करायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिचा पाय दाबला. खिडकीतल्या बायका ऐकत होत्या.

गोपाल आत आला. कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण बोटं झेंडूच्या चिकानं काळी पडली होती.

"मॅडम?" तो हळूच म्हणाला. शेवटच्या वर्षाला प्रतीक्षानंच त्याचं प्रॅक्टिकल घेतलं होतं. मग त्यानं वडिलांकडे पाहिलं, पोह्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नमस्कार," तो म्हणाला, अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

"जा रे, त्याहिले मळा दाखव," शकुनबाई म्हणाल्या. "बोला दोघं. आजकाल बोला लागते बापा."

मला पाहायला आले होते तेव्हा मुलाच्या मामांनी सुईत दोरा ओवायला लावला होता. मुलाचा आवाज मी लग्नानंतर ऐकला.

रिवाज म्हणून मी सोबत गेले. मळा घरामागेच होता. झेंडू ऐन बहरात होता. मी बांधावर बसले.

"सॉरी मॅडम. बाबाले वाटलं..."

"समजलं मला. कंपनीचं काय?"

"कंपनी-बिंपनी नाई. झेंडू अन् शेवंती. पहाटे अकोल्याच्या बाजारात नेतो."

"मग लिहू काय मी?"

"जे हाय ते लिवा. बाबानं सांगतलं ते खोडा."

तिनं फाईल उघडली. प्राचार्यांना नोकऱ्या हव्या होत्या. तिनं 'स्वयंरोजगार'पुढे खूण केली.

"उत्पन्न?"

"दसऱ्याले राजा, पौषात भिकारी."

"शिक्षणाचा सध्याच्या कामात उपयोग होतो का?"

त्यानं झेंडूचं एक पान उलटून पाहिलं. "होते. पानावर ठिपका आला का मले आंधीच समजते. तुमी मायक्रोस्कोपात दाखवलं होतं ना, तेच. पन पोरीवाले ठिपका नाई पाहात मॅडम. ते म्हंतात, महिन्याच्या महिन्याले खात्यात येते का? म्या म्हनतो, नाई येत. मंग ते चहा पेतात अन् जातात."

"समाधानी आहात का? एक ते पाचमध्ये सांगायचं."

"कामात का घरात?"

"इतकंच छापलंय."

तो हसला. "चार लिवा. बाबाले इचारलं असतं तं एक."

प्रतीक्षा लिहीत राहिली. चार लिहायला इतका वेळ लागत नाही.

"आता घरात काय सांगू?" तिनं विचारलं.

"कळवतो म्हना. त्याची सवय हाय आमाले."

निघताना मीच म्हणाले, "कळवतो." शकुनबाईंनी प्रतीक्षाला कुंकू लावलं आणि ओंजळभर शेवंती दिली. उत्तमराव आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आले. तिथे ते थांबले आणि आवाज खाली आणून मला म्हणाले,

"बाई, मी मांगच्या दारातून पाहून राह्यलो होतो. पोराले पाहाले आलेली पोरगी असं लिवून नाई घेत. कॉलेजचं काम होतं ना?"

"हो."

"कंपनीचं म्या खोटं सांगतलं होतं. ते तसंच राह्यलं का?"

"गोपालनं खोडायला लावलं."

"मंग काय लिवाले सांगतलं त्यानं?"

"फुलांची शेती."

त्यांनी फाटकाची कडी लावली, पुन्हा काढली.

"एक ऐकता का? गल्लीतून जरा हयूहयू चाला."

आम्ही हळू चाललो. उत्तमराव आमच्या बरोबरीनं, रस्त्याच्या मधोमध. ओट्याओट्यावर बायका बसल्या होत्या. एकीनं विचारलंच, "पाव्हने कुठले हो, उत्तमभाऊ?"

"अमरावतीचे. गोपालच्या कॉलेजातून आले. पोरगं काय करते ते विचाराले."

"अगं माय! इतक्या लांबून? मंग काय सांगतलं?"

"फुलं पिकोते म्हटलं," उत्तमराव म्हणाले. पुढच्या ओट्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

चौकात अकोल्याकडे जाणारा ऑटो आला आणि आमच्यापाशी जरा थबकला. उत्तमरावांनी त्याला हात केला नाही.

"मांगून दुसरा येते," ते म्हणाले, आणि अमरावतीत शेवंती काय भावानं जाते ते मला विचारत तिथेच उभे राहिले.