जास्त लिहील तो पक्का

मी एक जुना फोन आहे. गाद्यांच्या दुकानात, गल्ल्याशेजारी, आखूड वायरीनं भिंतीला जखडलेला. तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. बाकी तुमच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी मला कधी ना कधी शिव्या घातल्याच असतील.

पहिली दोन वर्षं मी मालकाच्या बायकोकडे होतो. तिनं मला एकदा पायरीवर आपटलं, माझा कोपरा फुटला, आणि 'दुकानात चालेल' म्हणून माझी रवानगी इकडे झाली. इथे माझ्यात आपोआप उत्तरं देणारी एक व्यवस्था बसवली. दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर कोणी काहीही लिहिलं की मी लगेच उत्तर द्यायचं, एक दाबा, दोन दाबा म्हणायचं, आणि रोज सकाळी वीस पक्क्या गिऱ्हाइकांची यादी काढायची. आता पक्कं कोण, ते मालकानं ठरवलं. "जो जास्त वेळा लिहील तो! गरज असेल तोच बोलेल ना?" म्हणजे दर निरोपाला एक गुण. व्यवस्था बसवणारा चाचरत म्हणाला, "साहेब, जरा विचार करा." मालक म्हणाला, "मला धंदा शिकवू नकोस."

पहिल्या महिन्यात तीनशे जणांनी लिहिलं आणि स्वारी हवेत गेली. शेजारच्या पडदेवाल्याला बोलावून, माझी काच स्वतःच्या शर्टाला पुसून हा माणूस आकडा दाखवायचा. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

यादीतल्या लोकांना फोन करायचं काम मालकाच्या धाकट्या बहिणीचं. चाळिशी उलटली तरी घरात तिला बारकीच म्हणतात. सासर सोडून आल्यापासून ती आणि तिची मुलगी या दुकानातल्या एका खुर्चीवर जगतात. आणि मी तिच्या हातात काय देत होतो? मित्रांनो, मला सगळ्यात जास्त वेळा कोण लिहितं माहीत आहे? चिडलेला माणूस! "माणसाशी बोलायचंय." मी म्हणणार, एक दाबा. "अहो, माणूस द्या." मी म्हणणार, दोन दाबा. "गाढवा, माणूस!" झाले अकरा निरोप, अकरा गुण, यादीत पहिला. दुसऱ्या दिवशी बारकी त्याला गोड आवाजात विचारणार, "गादी कधी पाठवू?" की तो तिच्यावर तोंड सोडणार.

महिनाभर विक्री नाही म्हटल्यावर मालकानं सगळं खापर तिच्यावर फोडलं. "तीनशे माणसं दारात उभी केली मी! तुला बोलता येत नाही. शनिवारपर्यंत ऑर्डरी आण, नाहीतर घरी बस. या खुर्चीवर दुसरी कोणी बसेल."

बारकी इतके दिवस मूग गिळून होती. त्या दिवशी तिनं यादी त्याच्यापुढे सरकवली. "दादा, तीन फोन तू कर. माझ्यासमोर."

मालकानं घसा खाकरून लावला फोन. पहिल्यानं त्याचा पाणउतारा केला, दुसऱ्यानं खानदान काढलं. तिसरा त्यानं लावलाच नाही. "आजकाल लोकांना रीतच राहिली नाही," असं पुटपुटत तो गोदामात गेला. हसायला तोंड असतं तर मी पोट धरून हसलो असतो.

मग बारकी यादी बाजूला ठेवून थेट माझ्यासमोर बसली आणि तळापासून निरोप वाचू लागली. एक गुणवाले, ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि तिथे काय सापडावं! "चार बाय सव्वासहा, लोखंडी पलंग, रविवारी पाहुणे येतायत." "वसतिगृहासाठी बारा गाद्या, भाव कळवा." ज्यांना खरंच हवं होतं त्यांनी एकदाच, नीट, मापासकट लिहिलं होतं आणि माझी बटणं बघून गप्प झाले होते. शनिवारच्या आत तिनं सात ऑर्डरी आणल्या. खुर्ची वाचली.

त्यातच एका बाईचा निरोप होता, बारा दिवसांपूर्वीचा. "आई अंथरुणाला खिळलीय. पाठीला जखमा झाल्यात. हवेची गादी आजच्या आज मिळेल का?" बारकीनं घाईघाईनं फोन लावला. पलीकडून शांत आवाज आला, "आता नको ताई. आई गेली परवा." बारकी कसंबसं "माफ करा" म्हणाली आणि डोळे पुसत बसली.

नंतर तिनं माझा सगळा हिशेब उलटा केला. आता मी पहिलाच प्रश्न विचारतो, गादी कुणासाठी आणि कधीपर्यंत हवी? त्याचं उत्तर देणारा यादीत वर जातो आणि चिडलेला थेट बारकीकडे. यादीत आठच नावं यायला लागली तशी मालकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पडदेवाल्याला काय दाखवू मी? आठ?" भांडून भांडून त्यानं एक गोष्ट मात्र जुनी ठेवायला लावली. लिहिल्याला पंधरा दिवस झाले की प्रत्येकाला त्याचेच शब्द घेऊन आपोआप जाणारा आठवणीचा निरोप. "त्याला हात लावायचा नाही. फुकटात जातोय, जाऊ दे की!" नुकतीच वाचलेली खुर्ची, बारकीनं तेवढ्यावर वाद सोडला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, पुसा, असलं काही मागायला मी बसलेलो नाही. खड्ड्यात गेली ती काच. आमच्या हातात माणसं सोपवून पाठ फिरवू नका, एवढंच सांगतो. आम्हाला थांबायचं कधी ते कळत नाही.

कारण बारकीच्या त्या फोननंतर तीन दिवसांनी, पंधरा दिवस भरताच, ठरल्या वेळी, मी त्या बाईला लिहिलं, "आईसाठी गादी अजून हवी आहे ना? आजच ऑर्डर द्या!"

तिनं ते वाचलं, तेवढं मला दिसलं.