तिच्या नावानं सोडलेलं दूध

कल्याणप्पा ओसरीच्या पायरीवर उभा राहून पेल्यातलं दूध घोटघोट पीत होता, तेव्हा उमरग्याहून मेहुण्याचा फोन आला. दुधात पावडर ढवळून, पेला त्याच्यासाठी झाकून ठेवून श्रीदेवी सकाळच्या गाडीनं माहेरी गेली होती.

"भावजी, बसलाय का उभे?" उमाशंकरनं विचारलं.

उभा आहे, असं कल्याणप्पानं सांगितलं.

"मग बसा आधी."

तो बसला. श्रीदेवी उमरग्याला उतरली, स्टँडवरच छातीला हात लावून खाली बसली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. उमाशंकर पुढंही बरंच बोलत होता. ते ऐकता ऐकता कल्याणप्पानं पेल्यातलं उरलेलं दूध एका दमात पिऊन टाकलं. असं का केलं ते त्याला कळलं नाही. थोड्या वेळानं ते सगळं अंगणात उलटून पडलं.

दोन वर्षांपूर्वी सोलापुरात त्याचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं होतं. गुडघे गेले होते, साखर औषधांना ऐकत नव्हती. डॉक्टरांनी पोट कापून लहान केलं आणि सांगितलं, आता आत जागा थोडी, म्हणून आधी प्रोटीन. जागा उरली तर भाकरी. नाहीतर चरबीबरोबर मांसही झडत जाईल. घर लिंगायताचं, तेव्हा अंड्याचा प्रश्नच नव्हता. डाळ-उसळीचे चार घास गेले की पोट तटतटायचं. राहिलं दूध. दुधात पावडर, घट्ट बांधलेलं दही, घरी केलेलं पनीर. म्हैस दारात होती. हे सगळं श्रीदेवी बघायची. पावडरचा डबा कुठल्या फळीवर असतो हेही कल्याणप्पाला नीट माहीत नव्हतं.

दुखवट्याच्या शेवटच्या दिवशी मठाच्या वीरभद्र स्वामींची पादपूजा झाली, पंगती उठल्या, आणि थोरली बहीण इरम्मा म्हणाली, आता तिच्या नावानं काहीतरी सोड. घरातलं माणूस गेलं की मागं राहिलेल्यानं खाण्यातली एक वस्तू सोडायची, ही त्यांच्याकडची रीत.

"पण सोडायचं तर खरं सोड," इरम्मा म्हणाली. "आमच्या ह्यांनी आईच्या नावानं पडवळ सोडलं. जन्मात कधी तोंडात घातलं न्हवतं."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिचा नवरा विरुपाक्षही खाली बघून हसला. कल्याणप्पानं ठरवलं, आपण पडवळ सोडायचं नाही. तिच्या हातून रोज जे घेतलं तेच सोडायचं.

"दूध," तो म्हणाला.

हसणं थांबलं. स्वामींनी विचारलं, म्हणजे दही-ताकही आलं त्यात? तो व्हय म्हणाला. स्वामींनी त्याच्या कपाळाला भस्म लावलं. इरम्माच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुण्याहून आलेली त्याची मुलगी सृष्टी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाहुणे पांगल्यावर तिनं डबा आणून त्याच्यापुढं ठेवला आणि ही पावडरसुद्धा दुधाचीच असते म्हणून सांगितलं. त्याला ते औषध वाटत होतं. तिनं डब्यावरचं वाचून दाखवलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, शब्द गेला आता.

पुण्याला गेल्यावर तिनं सोयाबीनची पावडर पाठवली. पाण्यात कालवून घेतली की त्याला पेंडीचा वास यायचा. पेंडीचा वास त्याला ओळखीचा होता. मुरुमच्या बाजारात त्याचं पशुखाद्याचंच दुकान होतं. दोनदा घेतली, दोन्ही वेळा उलटली. कल्याणप्पाच्या आईनं, लक्ष्मम्मा अव्वानं, चुलीचा ताबा परत घेतला होता. तिच्या मते पोट कापलेल्या माणसाला हलकं द्यावं. ती त्याला ज्वारीच्या कण्या द्यायची, भाताची पेज द्यायची. मऊ होतं, उतरायचं, आणि पोट भरायचं. तो पानावरून उठायचा.

महिन्या-दोन महिन्यांत टॉवेलला केस दिसू लागले. दंडाचं मांस सैल पडलं. दुकानात पोतं सरकवायला उठला की डोळ्यांपुढं अंधारी यायची, मग तो पोत्यावरच बसून राहायचा. बिराप्पा म्हणून जुनं गिऱ्हाईक होतं. सरकी पेंड न्यायला आला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला.

"आप्पा, आमची म्हैस वाळली की तुमी पेंड वाढवा म्हणता. तुमाला कोण सांगायचं?"

कल्याणप्पा हसला. हसायलाही दम लागला.

बाकी बाजार वेगळं बोलत होता. बायकोवर लई जीव होता, तिच्यामागं झिजत चाललाय, असं देवळाच्या कट्ट्यावर बोललेलं त्याच्या कानावर यायचं. ते ऐकून त्याला वाईट वाटत नसे. घरी येऊन तो शर्टाची बटणं काढायचा आणि छातीच्या वर आलेल्या हाडांवरून हात फिरवायचा.

अव्वाला दात नव्हते. दोन्ही वेळेला तिचं एकच जेवण, दुधात कुस्करलेली भाकरी. दुसरं काही तिला उतरत नसे. ती ताट घेऊन बसली की कल्याणप्पा ओसरीवर निघून जायचा. दुधाच्या वासानं तोंडाला पाणी सुटायचं, आणि त्याची त्याला लाज वाटायची.

पावलं सुजली तेव्हा सृष्टी येऊन त्याला सोलापूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, पायावर अंगठा दाबून खळगा पाहिला. असंच चाललं तर भरती करून प्रोटीन शिरेतून द्यावं लागेल, म्हणाले. दूध का बंद केलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, सोडलंय. डॉक्टर सृष्टीकडं बघू लागले. ती खिडकीबाहेर बघत होती.

परतीच्या बसमध्ये नळदुर्ग मागं पडलं. मग सृष्टी पुढच्या सीटकडं बघतच म्हणाली, "आईला काय वाटलं असतं, ते मी विचारत नाही. तुम्ही गेल्यावर मी काय सोडू, तेवढं सांगून ठेवा."

त्यानं पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, आणि बाटली बराच वेळ तशीच उघडी धरून ठेवली. घरी आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते सृष्टीनं अव्वाला मोठ्यानं, दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत अव्वा काठी टेकत मठाकडं गेली. पावसाळ्यापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. सोबत येते म्हणणाऱ्या सृष्टीला तिनं हातानंच मागं सारलं. परत आली ती सरळ चुलीपाशी. दुधात पावडरचे किती चमचे टाकायचे ते सृष्टीला विचारताना कल्याणप्पानं ऐकलं. थोड्या वेळानं तिनं पेला त्याच्यापुढं आणून ठेवला.

"अव्वा, मी सोडलंय."

"ठावं हाय. स्वामीला इचारून आले. घरातल्या कुणीबी पाळलं तरी चालतंय म्हणला."

"मग कोण पाळणार?"

"पाळणारं पाळंल. तू पी. गुठळ्या ऱ्हायल्यात थोड्या, माझ्या हाताला जोर न्हाय."

ती आत गेली. कल्याणप्पा पेल्याकडं बघत बसला. मग एक घोट घेतला, थांबला, तो खाली उतरेपर्यंत वाट पाहिली. ते राहिलं, तसा दुसरा घेतला.

आत अव्वा पाठमोरी बसली होती. ताटात भाकरीचे तुकडे होते. तिनं चुलीवरचं भांडं उचलून त्यांच्यावर गरम पाणी ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि बोटांनी कुस्करू लागली. पाण्यात भाकरी एकजीव होईना. ती कुस्करत राहिली. सृष्टीनं वरणाची वाटी पुढं केली, ती तिनं बाजूला ठेवली.

कल्याणप्पानं पेला संपवला. त्याला बराच वेळ लागला.

सूज आता उतरली आहे. पोतं अजून उचलवत नाही, पण सरकवता येतं. स्वामींनी त्या दिवशी खरंच काय सांगितलं, हे मठात जाऊन विचारायचं त्यानं ठरवलं होतं. ते अजून विचारलेलं नाही.